रिकाम्या रस्त्याचा शॉट

बातमी आली तो बुधवार होता, आणि प्रफुल सकाळपासून एका बाईचे केस कापत बसला होता.

नथ्थूभाऊंनी गोष्ट अशी सुरू केली तेव्हा मिथुनला हसू आलं. "न्हावी होता काय जी तो?"

"न्हावी नाई. तुमच्याच नादातला होता. ऐकायचं असन तर ऐक."

ऊर्जानगरच्या क्वार्टरचा ओटा. जेवणं आटोपली होती. समोर विजेच्या प्लँटच्या चिमण्यांवरचे लाल दिवे पेटत-विझत होते. मिथुन आणि दिव्यानी ही नथ्थूभाऊंच्या धाकट्या भावाची मुलं. कॉलेजच्या स्पर्धेसाठी फिल्म करायची म्हणून ती जागा शोधत फिरत होती. नागभीडच्या पुढचा एक जंगलातला रस्ता त्यांना आवडला होता. त्याचा फोटो दिव्यानीने काकांना दाखवला, आणि रात्रीचा शॉट इथे घेणार आहोत, म्हणाली. नथ्थूभाऊंनी फोटो बराच वेळ पाहिला. फोन तिच्या हातात परत दिला. मग ही गोष्ट सांगितली. ती ज्याच्या बाबतीत घडली तो प्रफुल तेव्हाही त्यांच्याच वरच्या क्वार्टरमध्ये, नात्यातल्या एकाकडे राहायचा.

त्याचं काम असं. मुंबईहून जाहिरातींचे, सिनेमांचे तुकडे यायचे. त्यातल्या माणसाच्या कडेकडेने रेघ आखायची आणि त्याला मागच्या देखाव्यापासून सोडवायचं. म्हणजे मग त्या माणसाला कुठेही नेऊन उभं करता येतं, नाहीतर पार नाहीसंही करता येतं. एका सेकंदात पंचवीस चित्रं, आणि माणूस हलतो, म्हणून प्रत्येक चित्रात रेघ नव्याने बसवायची. या कामाला रोटो म्हणतात. करणारी पोरं आपसांत माणूस कापणं म्हणतात. धड लवकर होतं. केस छळतात. बोटं सगळ्यात शेवटी, कारण हात हलला की ती एकमेकांत मिसळून जातात. म्हणून पहिल्या फेरीत सगळेच पाचही बोटांभोवती एकच रेघ फिरवून घेतात, हात पिशवीत घातल्यासारखी, आणि मागाहून सवडीने एकेक बोट सोडवतात.

ड्युटीवरून येताना नथ्थूभाऊ खालूनच हाक द्यायचे, "काय बे, किती माणसं कापली आज?"

वरून उत्तर यायचं, "अर्धाच झाला भाऊ. बोटं राह्यली."

तर त्या बुधवारी दुपारी प्रफुलला गावाहून फोन आला. केसरबाईचा. ती शेजारची म्हातारी. तिने आजवर कधी फोन केला नव्हता.

"जेवला काय बापू?"

"नाई अजून. काऊन जी?"

"जेवून घे आधी."

आणि ती पुढे बोलेना. तिच्यामागे कोणीतरी रडत होतं. तो आपल्या आईचा आवाज आहे हे ओळखायला प्रफुलला वेळ लागला, कारण त्याने तिला असं रडताना कधी ऐकलं नव्हतं.

धाकटा भाऊ प्रवीण पहाटे मोटरसायकलने नागभीडला निघाला होता. धान भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. एवढंच. प्रफुल उठला आणि एसटी स्टँडवर गेला. पडद्यावरच्या बाईचे केस अर्धे सुटलेले तसेच राहिले.

त्यांच्या गावाची एक रीत आहे. गावाबाहेर गेलेल्याचं प्रेत गावात आणत नाहीत. प्रवीणला दवाखान्यातून परस्पर बोडीपलीकडच्या, म्हणजे गावतळ्यामागच्या, मसणवटीत नेलं. तिथे जायला दुसरी वाट आहे, घरावरून जात नाही. त्याची आई रंभाबाई दिवसभर दारात उभी होती. पोरगा ज्या रस्त्याने रोज घरी यायचा त्या रस्त्याकडे बघत. त्या रस्त्याने कोणी आलं नाही.

दहाव्याच्या रात्री केसरबाईने सुपात पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस त्या रात्री घरी येऊन जातो आणि पिठावर काहीतरी खूण ठेवतो, असं सगळे मानतात. पाखराचा पाय, सापाची ओळ, काही ना काही उमटतंच. सकाळी टोपली उचलली. पीठ हाताने सारखं केल्यासारखं होतं. साधी मुंगीही फिरली नव्हती.

केसरबाईने सूप दाराच्या उजेडात नेऊन पाहिलं. "आलाच नाई तो घरी," ती म्हणाली. "येईन कसा? त्याले रस्ताच कुठी देल्ला आपण."

रंभाबाईने पीठ गाईला घातलं.

आता एका फिल्मची गोष्ट. प्रवीणला नाटकांचा नाद, त्यातून सिनेमाचा. अपघाताच्या आठवडाभर आधी, त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, दोघा भावांनी गावाच्या रस्त्यावर, दिव्यानीच्या फोटोतल्या त्याच रस्त्यावर, एक शॉट घेतला होता. चांदण्यात एक माणूस ओढ्यावरच्या मोरीवरून गावाकडे चालत येतो आणि किलोमीटरच्या दगडापाशी, चालता चालता, नाहीसा होतो. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून प्रवीण स्वतःच चालला. पांढरा शर्ट घालून, उजवा हात हलवत. ठरल्याप्रमाणे दगडापाशी थांबला आणि ओरडला, "झालं ना बे?"

माणूस असा मिटवायचा तर अजून एक शॉट लागतो. कॅमेरा जागचा न हलवता, तोच रस्ता रिकामा. जिथून माणूस काढला तिथे मागचा रस्ता भरायला तो रिकामा रस्ता हवा. प्रवीणने दोनदा आठवण करून दिली. पण तेवढ्यात बोडीच्या बाजूने चितळ ओरडलं, आणि शेतातल्या माळ्यावरून कोणीतरी आवाज दिला, "जा बे घरी, वाघ फिरून राह्यला." प्रफुलने ट्रायपॉड उचलला.

"रिकामा रस्ता काय बे," तो भावाला म्हणाला, "कधीबी भेटते."

तेरवी झाली. पाहुणे गेले. प्रफुलने तिथेच, गावच्या घरी, लॅपटॉप उघडला आणि भावाला कापायला घेतलं. स्पर्धेत प्रवीण नाव देऊन चुकला होता. फिल्म नागपूरला दाखवणार होते. एकदा तरी प्रवीणचं नाव पडद्यावर यावं, एवढंच प्रफुलच्या मनात होतं. दुसरं काही करण्यासारखं उरलंही नव्हतं. माणूस कापताना त्याचं चालणं कळतं. भावाचा डावा खांदा जरा खाली असतो, पाऊल टाकण्याआधी तो मान किंचित झुकवतो, हे इतकी वर्षं एका घरात राहून प्रफुलला ठाऊक नव्हतं. आता एकेका चित्रात ते त्याला दिसत होतं. धड झालं. केस झाले. उजव्या हाताभोवती त्याने नेहमीसारखी एकच रेघ फिरवली. बोटं नंतर.

रंभाबाई मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

"हे काळं-पांढरं काय होय?"

"प्रवीण होय माय. पांढरं तेवढा तो. काळं म्हंजे बाकीचं."

"बाकीचं म्हंजे?"

"रस्ता. झाडं. गाव."

ती वाकून बघत होती. काळ्यावर एक पांढरा माणूस चालत होता. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसता पांढरा. पण चाल त्याचीच होती, आणि ती तिने ओळखली. "मंग आता काय करशीन त्याले?"

"दगडापाशी मिटवीन. त्याच्या गोष्टीत तसंच हाये."

"दगडापासून घर किती दूर हाये रे?"

"दिसते तिथून."

"मंग येऊ दे ना त्याले घरी. अर्ध्या रस्त्यात काऊन मिटवतं?"

"फिल्म होय ते, माय."

"होय ना. मले समजते." मग तिने पडद्याला बोट लावलं. "याच्या हाताले काय झालं? बोटं कुठी गेली?"

"राह्यली. करतो."

"नको मिटवू बापू," ती म्हणाली. "माह्यासाठी."

तो हो म्हणाला. पण रात्री पडल्या पडल्या हिशेब करत राहिला. मिटवला नाही तर फिल्मला शेवटच नाही, आणि प्रवीणचं नाव कुठेच येणार नाही. आई चार दिवसांनी विसरेल. दत्तजयंतीला पुन्हा पौर्णिमा होती. चंद्र त्याच वेळी त्याच उंचीवर येणार. सावल्या तिथेच पडणार.

त्या दिवशी गुरुवार होता. दिवेलागणीला रंभाबाई दाराशेजारची भिंत पांढऱ्या मातीने पोतारत होती. ओलं फडकं घेऊन, खालून वर. केसरबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "सांजच्या वक्ताले काऊन पोतारतं व बाई? उद्या केलं असतं तं चाललं नसतं काय?"

"आजच पाह्यजे," रंभाबाई म्हणाली.

त्या भिंतीवरून तिचं आणि प्रवीणचं रोज भांडण व्हायचं. बूट काढताना तो उजवा हात भिंतीवर टेकायचा. पोतारून झालं की दुसऱ्या दिवशी पंजा उमटलेला. "हात नको लावू बे, ओलं हाये." तो हसायचा आणि लावायचाच.

प्रफुल घरातून निघाला. आईला म्हणाला, दत्ताच्या देवळात भजनाला चाललो. पिशवीत ट्रायपॉड होता.

रस्त्यावर कोणी नव्हतं. वाघाच्या भीतीने त्या भागात अंधार पडल्यावर माणूस बाहेर दिसत नाही. धान कापून झालं होतं. शेताच्या बांध्यांमध्ये त्याचे ढीग, पुंजणे, उभे होते. देवळातलं भजन इथपर्यंत ऐकू येत होतं. प्रफुलने जुन्या खुणेवर ट्रायपॉड ठेवला आणि मोबाईल लावला. सव्वाआठ झाले होते. मोबाईलमध्ये एक सोय असते. जुना फोटो फिकट करून चालू चित्रावर ठेवता येतो, म्हणजे कॅमेरा तंतोतंत जागेवर बसतो. त्याने जुन्या शॉटचं पहिलं चित्र वर ठेवलं. मोरी मोरीवर बसली. दगड दगडावर. आणि मोरीच्या टोकाला, फिकट, पलीकडचं आरपार दिसेल असा, प्रवीण. चालायला निघालेला.

प्रफुलने क्षणभर बघितलं. मग जुनं चित्र बंद केलं.

मोरी होती. दगड होता. प्रवीणही होता.

"काका, ते बंद झालं नसन," मिथुन मध्येच म्हणाला. "ॲप अटकते कधी कधी."

"त्यालेही तेच वाटलं," नथ्थूभाऊ म्हणाले.

प्रफुलने ॲप पूर्ण बंद केलं. पुन्हा उघडलं. रस्ता रिकामा. त्याने श्वास सोडला. स्वतःशीच हसलाही असेल. रेकॉर्डचं बटण दाबलं, हात खिशात घातले आणि उभा राहिला. रिकामा रस्ता घ्यायला काही करावं लागत नाही. नुसतं थांबायचं.

भजन चालू होतं. झांजा, मग एक उंच आवाज, मग सगळे.

मोरीवर काहीतरी पांढरं आलं.

त्याने मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं. चांदणं होतं. मोरीचा कठडा दिसत होता. त्याने पडद्याकडे पाहिलं.

चालत येत होता.

कपडे नव्हते. चेहरा नव्हता. नुसता पांढरा. डावा खांदा जरा खाली.

पुन्हा वर पाहिलं. रस्ता रिकामा. पुन्हा खाली.

जवळ आला होता. त्याच्या कडा थरथरत होत्या. घाईने कापलेल्या माणसाच्या थरथरतात तशा. प्रफुलने ती रेघ ओळखली. कुणालाही आपलं अक्षर ओळखू येतं. ती रेघ त्याने स्वतः आखली होती.

भजन थांबलं.

चितळ नाही. कुत्रं नाही. कुठेच काही नाही.

तो दगडापाशी आला. आणि थांबला.

इथेच थांबायचं ठरलं होतं.

प्रफुलला वाटलं, आता मिटेल. गोष्टीत तसंच आहे. आता मिटेल...

मिटला नाही. उभा राहिला. मान किंचित झुकवली. मग उजवा हात वर केला. हळूहळू. दाखवल्यासारखा.

हाताला बोटं नव्हती. एकच गोळा. पिशवीत घातल्यासारखा.

आता वर बघायची प्रफुलची हिंमत नव्हती. रस्त्यावर काही नसेल तर... आणि असेल तर...

"करतो ना बे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. "बोटं... करतो ना..."

पडद्यावरचा हात खाली गेला.

आणि तो चालायला लागला. दगडाच्या पुढे. जिथवर प्रवीण त्या रात्री कधी चाललाच नव्हता, तिथून पुढे. मोठा होत गेला. पडदा पांढरा झाला. सगळा पांढरा. थरथरणारा.

मग रस्ता. नुसता रस्ता.

प्रफुलच्या पाठीमागे गिट्टी वाजली. एक पाऊल. मग दुसरं. गावाच्या बाजूला.

तो वळला नाही.

गावातलं एक कुत्रं भुंकायला लागलं. मग सगळी. मग एकदम सगळी गप्प झाली.

किती वेळ गेला कोण जाणे. भजन पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याचे हात हलले. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि तिथेच उभ्या उभ्या बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामा रस्ता. सावल्या जागच्या जागी. असा निर्मळ शॉट त्याला आजवर मिळाला नव्हता.

घराचं दार उघडं होतं. रंभाबाई चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली.

"आता कुठी गेलता पुन्हा? आला तं होता मघाशी."

"मी... मी आत्ताच येऊन राह्यलो माय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते प्रफुलला आजवर सांगता आलेलं नाही. भीती नव्हती ती, एवढंच तो सांगतो. ती पुन्हा चुलीकडे वळली. "बूट काढून ये," ती म्हणाली. "भिंतीले हात नको लावू. ओलं हाये."

तेव्हा त्याने भिंत पाहिली.

नथ्थूभाऊ थांबले. दिव्यानीने मोबाईल मघाशीच उलटा करून ओट्यावर ठेवला होता.

"काका, तुम्ही पाह्यलं ते?" तिने हळूच विचारलं.

"पाह्यलं. संक्रांतीच्या आधी मी गेलतो भेटाले. वाळलं होतं तोवर. तिनं ती भिंत पुन्हा पोतारली नाई. अजूनबी नाई." त्यांनी आपला उजवा हात उचलला, पाचही बोटं एकमेकांना घट्ट चिकटवली आणि शेजारच्या खांबावर, माणूस बूट काढताना जिथे हात टेकेल तिथे, टेकवून दाखवला. "असा. खाली तळवा नीट उमटला होता. रेषाबी दिसत होत्या. अन् वर बोटांच्या जागी एकच गोळा. बोटं जोडून ठेवली तरी मंधात फट दिसते ना? तशी फट नव्हती कुठी. प्रफुलनं आपला हात लावून पाह्यला होता. त्याचा लहान पडला."

मिथुन खांबापासून जरा सरकून बसला.

फिल्म नागपूरला गेली नाही. प्रफुल महिनाभराने ऊर्जानगरला परत आला, त्याच खोलीत, त्याच कामाला. त्या बाईचे केस पूर्ण करून दिले. रोजची माणसं कापतो. नथ्थूभाऊ आता खालून हाक देत नाहीत. कधी रात्री वर दिवा दिसला तर जिन्याने जाऊन दारात उभे राहतात. प्रफुलने तो जुना शॉट उघडलेला असतो. काळ्यावर तो पांढरा माणूस मोरीवरून निघून दगडापाशी येतो, थांबतो. प्रफुल उजव्या हाताजवळ जातो, चित्र मोठं करतो, पहिल्या बोटाच्या मुळाशी एक टिंब ठेवतो. थोडा वेळ बसतो. मग ते टिंब पुसतो आणि लॅपटॉप मिटतो.

धड झालं आहे. केस झाले आहेत. उजव्या हाताची बोटं अजून सोडवायची राहिली आहेत.